अकरा नळ्यांचा परवाना

मित्रांनो, मी एक जुना परवाना आहे. गाडी चालवण्याचा नव्हे, की दुकान उघडण्याचाही नव्हे. पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडे, बर्फाच्या प्रदेशात, एक चिमुकली दरी आहे. तिथे झाड नाही, झुडूप नाही. आहे ते फक्त शेवाळ, वर्षाला जेमतेम नखाच्या जाडीएवढे वाढणारे. त्यावर एक बूट पडला तर तो ठसा माणसाच्या उभ्या आयुष्यात बुजत नाही. म्हणून त्या दरीत पाऊल टाकायला सर्वांनाच मनाई आहे. मोठ्यातला मोठा शास्त्रज्ञ असला, तरी माझ्यासारखा कागद खिशात हवाच.

माझा जन्म सुखासुखी झाला नाही. शेवाळाचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी माझ्यासाठी अर्ज केला. त्यांना चाळीस नमुने हवे होते, तेही मनगटाएवढे जाड. सोबत सहा माणसे, आणि दरीत हेलिकॉप्टर उतरवण्याची सोय. परवाना कचेरीतले अधिकारी निवृत्तीला आले होते. सगळे त्यांना पाठीमागे ‘लाल पेन’ म्हणत. त्यांनी अर्ज दोनदा परत पाठवला. दुसऱ्या वेळी तर कागदावर शाईपेक्षा लालीच जास्त होती.

बाई तणतणत कचेरीत गेल्या. “साहेब, मी काय तिथे सहलीला चाललेय? वीस वर्षं याच कामात घालवलीत मी!”

“म्हणूनच विचारतोय,” अधिकारी शांतपणे म्हणाले. “वीस वर्षं काम केलेल्या माणसाला चाळीस नमुने कशाला लागतात?”

बाई अर्ज उचलून तडक निघाल्या. त्या घरी आल्या आणि जेवणाच्या टेबलावर अर्ज आपटला. त्यांची थोरली बहीण शिवणकाम करायची. तिने चष्मा लावून अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“अगं, कापड कसं आहे ते बघायला मी टीचभर चिंधी कापते,” ती म्हणाली. “अख्खा ताका फाडत नाही. तुला बघायचंय किती आणि मागतेयस किती?”

बाई आधी रुसल्या, मग हसल्या, आणि मग कामाला लागल्या. त्यांनी बोटाएवढी बारीक नळी आणि हाताने फिरवायचे गिरमिट बनवून घेतले. चाळीसाचे अकरा नमुने झाले. सोबतच्या सहा माणसांऐवजी एकच वाटाड्या उरला. हेलिकॉप्टर दरीच्या हद्दीबाहेरच थांबेल, असे त्यांनी आपणहून लिहिले.

तेव्हा कुठे माझ्यावर शिक्का बसला! पण लाल पेनाने जाता जाता आणखी दोन अटी घातल्या. प्रत्येक नमुन्याआधी बूट घासावेत, नळी ज्योतीवर तापवावी, आणि माझ्या पाठीवर वेळ लिहून दोघांनी सह्या कराव्यात. शिवाय बारावी नळी रिकामीच न्यावी. दरीत उघडून, बंद करून तशीच परत आणावी. बाहेरचे काही सोबत आले असेल, तर त्या नळीत दिसेल.

मित्रांनो, त्या प्रवासाचे काय वर्णन करू! बाईंनी मला प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले होते. माझी मुदत दहा दिवसांची होती. त्यातले सात दिवस वादळानेच खाल्ले. आठव्या दिवशी आभाळ उघडले, तेव्हा मुक्कामाच्या तळावरचे प्रमुख म्हणाले, “बाई, चालत जाण्यात दिवस घालवू नका. हेलिकॉप्टर थेट शेवाळापाशी उतरवतो. तिथे कोण बघायला येतंय?”

एवढ्या वर्षांचे काम आणि उरलेले तीन दिवस! बाईंनी क्षणभर दरीकडे पाहिले, मग खिशावरून हात फिरवला.

“हद्दीवर उतरवा,” त्या म्हणाल्या. “पुढे आम्ही चालू.”

त्या आणि त्यांचा वाटाड्या पाठीवर ओझी घेऊन दगडांच्या कडेकडेने चार तास चालत गेले. प्रत्येक नमुन्याच्या वेळी हातमोजा काढून माझ्या पाठीवर पेन्सिलीने लिहावे लागे. बोटे बधिर होत. वाटाड्या कुरकुरायचा, “या कागदाला थंडी वाजत नाही, म्हणून बरं सुचतं त्याला!” पण सही मात्र दर वेळी ठळक करायचा. अकरा नळ्या भरल्या. बारावी उघडली, बंद केली, नोंदली. मुदत संपायला एक तास उरला असताना दोघे हद्दीबाहेर आले आणि बर्फावर आडवे होऊन लहान मुलांसारखे हसले.

परतल्यावर माझी मुदत संपली आणि माझी किंमतही. कचेरीकडे माझी प्रत गेली. मी प्रयोगशाळेत आधी फाइलीत, मग खोक्यात, मग खोक्याबाहेर आलो. माझ्यावर चहाच्या कपाचे गोल उमटले. शेवटी कुणीतरी मला पाकिटासकट चौघडी करून एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारले. तीन वर्षे मी तो भार सोसला. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटले.

आणि एके दिवशी माझ्या डोक्यावरच्याच टेबलापाशी बाईंची किंकाळी ऐकू आली. आनंदाची! सर्वांत खोल नळीच्या तळाचे, हजार वर्षांहून जुने शेवाळ त्यांनी दमट काचपेटीत उजेडाखाली ठेवले होते. त्यातून एक हिरवा ठिपका उगवला होता. हजार वर्षे गोठून पडलेला जीव पुन्हा जागा झाला होता.

पण हा शोध तपासणाऱ्या दूरच्या परीक्षकांनी शंका काढली. हे आजचेच शेवाळ असेल, तुमच्या बुटांवरून नळीत गेले असेल, असे त्यांनी कळवले. बारावी नळीही तितकेच दिवस उजेडात होती आणि ती कोरीच राहिली होती. पण ती खरोखर त्या दरीत उघडली होती, याला पुरावा काय? कचेरीतल्या प्रतीवर तर फक्त माझी पुढची बाजू होती.

सगळी कपाटे उपसली गेली. बाई डोके धरून बसल्या. तेवढ्यात प्रयोगशाळा झाडणाऱ्या मावशी दबकत म्हणाल्या, “निळ्या शिक्क्याचा कागद शोधताय का? तो मीच टेबलाखाली सारलाय. टेबल हलत होतं, काचपेटी पडली असती ना!”

बाईंनी मला बाहेर काढले आणि मावशींना कडकडून मिठी मारली. माझ्या पाठीवर बारा नोंदी, बारा वेळा, चोवीस सह्या! एकही अक्षर पुसले नव्हते. परीक्षकांनी मला उलटून पालटून पाहिले आणि लिहून दिले की आमची शंका फिटली. ज्या अटींवर बाई चिडल्या होत्या, त्याच अटींनी त्यांना जिंकून दिले.

त्या दिवशी प्रयोगशाळेत नुसता जल्लोष झाला. थोरली बहीण आली, वाटाड्या आला. निवृत्त झालेले अधिकारीही काठी टेकत आले. काचेच्या पेटीतल्या त्या हिरव्या ठिपक्याकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “जरा हात लावू का?”

“परवाना आहे का?” बाईंनी विचारले, आणि सगळी खोली हसून दणाणली. सर्वांत मोठ्याने हसले ते लाल पेनच.

मित्रांनो, आता मी काचेच्या चौकटीत असतो, दोन्ही बाजू दिसतील असा. माझी एवढीच विनवणी आहे. कुठे ‘इथे पाय ठेवू नका’ असे लिहिलेले दिसले, तर तोंड वाकडे करू नका. त्या पाटीमागे कुणीतरी फार सावकाश वाढत असते. त्याला वाढू द्या.