बयाबाईंच्या हातावरचा नाग

झुंबरबुवांनी चार वर्षांच्या सोमाच्या कोपराच्या घडीत हळद चोळली, वरून तांब्यातलं नितळ तीर्थ शिंपडलं, आणि हात लालभडक झाला. पोर किंचाळलं. पारावरची गर्दी दोन पावलं मागे सरली.

"नाग बोलला!" बुवा गरजले. "आईनं माहेराला वारूळ मोडलंय. ती घरात हाय तोवर खाज जायाची नाय!"

सोमाच्या आजी बयाबाईंनी तिथंच सुनेला निकाल दिला. "मीने, उद्याच्या एसटीनं माहेरी निघ. पोरगं इथंच ऱ्हाईल."

मीनानं पोराला नुसतं घट्ट धरलं.

निफाडकडच्या आमच्या गावातली ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. त्याच आठवड्यात नाशकाहून डॉक्टर मोहिनी आणि डॉक्टर निसार शाळेत मुलांची कातडी तपासायला आले होते. कार्डांवर नावं लिहायला मी. प्रश्न साधेच: खाज येते? कोपरा-गुडघ्यांच्या घडीत होतं? कातडी कोरडी असते? तान्हेपणी सुरू झालं? घरात कुणाला दमा? उत्तरांवरून इसब ओळखायचा. पण ते प्रश्न तरी भरवशाचे आहेत का, हेच दोघं पारखत होते. एकानं प्रश्न विचारायचे, दुसऱ्यानं कार्ड न बघता आजार ओळखायचा, मग दोन्ही ताडून पाहायचं. त्यात खरजेची, नायट्याची आणि धडधाकट मुलंही घ्यायची.

"धडधाकट कशाला हो?" मी विचारलं.

"प्रश्नांनी त्यांनाही इसब ठरवला, तर ते काय कामाचे, आजी?" मोहिनीबाई हसल्या.

मी तडक बुवांकडे गेले. "पडद्याआडून दहा हात काढते. नागाचा कोणता, तेवढं सांगा."

"दहा काय, शंभर आण म्हातारे! माझं तीर्थ चुकत नाय."

पारावर गोधडी आडवी धरली. लबाडी होऊ नये म्हणून बुवांनी आपला शिष्य कारभारी आत बसवला. एकेक हात बाहेर आला, बुवा हळद चोळून तीर्थ शिंपडत गेले. "नाग! ह्योबी नाग! अरारा, ह्यो तर लय जुना नाग!"

दहाही लाल. गोधडी खाली घेतली. त्यातला एक हात कारभारीचा. मीच ओढून बाहेर काढला होता. आणि लय जुना नाग? माझ्या सांगण्यावरून आत येऊन बसलेल्या बयाबाई!

"काकू, तुमची एसटी कितीची?" मागून कुणीतरी ओरडलं. पार हसून गडगडला.

निसार डॉक्टरांनी पाराच्या दगडावर हळद फासली, वर तीर्थ ओतलं. दगडही लाल. "चुन्याची निवळी आहे ही. हळदीला चुना लागला की लाल होतंच. सोलवटलेल्या कातडीला तो झोंबला, म्हणून पोर किंचाळलं."

मग सोमाला दोघांनी वेगवेगळं तपासलं. दोन्हीकडे इसब.

"घरात दमा कुणाला होता?" मोहिनीबाईंनी विचारलं.

"धनराजला. सोमाच्या बापाला, माझ्याच पोराला," बयाबाई पुटपुटल्या. "मग दोष आमचाच म्हना की!"

"दोष कुणाचाच नाही. मलम लावा, अंघोळीनंतर तेल लावा. खाज अधूनमधून येईल, पण काबूत राहील."

बयाबाईंनी हात पुढे केले. "दे, मी लावते तेल."

"लावा," मीना म्हणाली. "पन मी हितंच बसनार. आज बी, उद्या बी."

माझं सांगणं एवढंच. कुणी तीर्थ दाखवो, नाहीतर कार्ड, आधी विचारा: ही परीक्षा कधी कुणाला 'नाही' म्हणते का? म्हणत नसेल, तर तिच्या 'हो'पायी कुणाची लेक घराबाहेर काढू नका.