आठवा आटा

मी चावी. पण कुलपाची नव्हे, कपाटाची तर नव्हेच. माणसाच्या छातीपर्यंत येणारी लोखंडी सळई, डोक्यावर आडवा दांडा आणि पायाशी चौकोनी खोबण, असा माझा अवतार. रस्त्यावरचं झाकण उचलायचं, खालच्या खड्ड्यात मला सोडायचं, व्हॉल्व्हच्या डोक्यावर माझी खोबण बसवायची आणि दोन्ही हातांनी गोल फिरवायचं, की अख्ख्या गल्लीला पाणी सुटतं. एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. माझा जन्म आट्यांतच गेला. मोजायला मी कधी चुकले नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

पाणीपुरवठ्याच्या कार्यशाळेत एका लोहारानं मला जोडली. जोडून झाल्यावर फरशीवर आपटून बघितली आणि शेजारच्याला म्हणाला, "सासूसारखी झालीय. मोडेल, पण वाकायची नाही." त्यावर सगळे हसले. मी कशी हसणार? वाकणं नाही, हसणं नाही आणि बोलणंही नाही. त्या न बोलण्याचंच दुःख सांगायला बसलेय.

माझा पहिला धनी आळशी होता. मला भिंतीला टेकवून डुलक्या काढायचा, आणि जो गोड बोलेल त्याच्या गल्लीला धो धो पाणी सोडायचा. त्याचं एवढं पुरे. त्याच्यानंतर मला पाणीकाका मिळाले.

त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं, ते तिथंच राहिलं. शेंबड्या पोरांपासून ते वरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते पाणीकाका. अंगानं काटकुळे, पण मनगट असं की गंजलेला व्हॉल्व्ह मुकाट्यानं वळावा. उजाडताना मला खांद्यावर टाकून निघायचे आणि दुपारी काम झालं की घरी आणून दाराआड उभी करायचे. काकू मला सवत म्हणायच्या. "अहो, त्या सवतीला नीट कोपऱ्यात लावा, पोरगी अडखळून तोंडावर आपटेल." काका हसायचे आणि मला दोन वीत सरकवायचे. काकूंचं पाणी भरून देणं, लेकीची वेणी घालणं, दोन्ही कामं त्यांचीच. वेणी मात्र कायम एका अंगाला कलायची.

वाटणीचा हिशेब असा होता. वरची गल्ली, बाजार आणि शाळेचा रस्ता, तिघांना सात सात आटे. मग उरेल ते उताराच्या टोकाला, शेवटच्या वस्तीला. पाण्याचं माणसांसारखंच असतं. वरच्यानं एक घोट जास्त घेतला की खालच्याचा घसा कोरडा. काकांचं स्वतःचं घर वरच्या गल्लीत होतं, म्हणून तिथं ते जास्तच काटेकोर.

ते आकड्यांनी मोजत नसत. त्यांच्या वडिलांनी शिकवलेली सात ओळींची प्रार्थना होती, ती तोंडातल्या तोंडात म्हणत मला फिरवायचे. एका ओळीला एक आटा. पहिली ओळ, तहानलेल्याला विसरू नकोस. सातवी, माझा हात खरा ठेव. सातवी संपली की हात थांबला. नवीन आलेल्या माणसानं एकदा विचारलं, काका, बोटांवर का मोजत नाही? म्हणाले, "बोटांवर मोजणारा चुकतो. मनावर मोजणारा चुकत नाही." मलाही ते तेव्हा पटलं होतं.

मग काकूंना दम्यानं धरलं. दोन पायऱ्या चढल्या की छातीचा भाता व्हायचा. डॉक्टर झाले, औषधं झाली, मोकळ्या हवेत फिरणं झालं. काका दिवसभर लोकांचे नळ बघायचे आणि घरी आल्यावर काकूंच्या पाठीशी उशी लावून बसायचे. मागणं मागायला त्यांना एकच जागा ठाऊक होती, माझ्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून. एका सकाळी सातवी ओळ संपली आणि त्यांचे ओठ थांबले नाहीत. आणि तिचा श्वास मोकळा कर, असं म्हणाले. ओठांबरोबर हातही फिरला.

आठवा आटा.

मला त्याच दिवशी कळलं. माझ्या खोबणीला तो फेरा जाणवला. पण मी काय विचार केला सांगू? एवढा सरळ माणूस, तो जास्त फिरवतोय तर काही कारण असेल. साहेबांनी सांगितलं असेल. लोखंडाची अक्कल ती! बाजारात आठ, शाळेच्या रस्त्याला आठ, आणि शेवटच्या वस्तीचा नळ सुतासारखा गळायला लागला.

घरी काकू म्हणाल्या, हल्ली आपल्याकडे पाणी जोरात येतं हो, पिंप भरून वाहतं. काका म्हणाले, देवाची कृपा.

वस्तीत एक म्हातारी होती, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. सगळे तिला मावशी म्हणत. जिभेला धार अशी की तिच्यापुढं भले भले वाट बदलत. तिनं काकांना रस्त्यात गाठलं. म्हणाली, आमच्या नळाला खोकला लागलाय, तुमच्या देवाला सांगून काढा देता का? काकांनी ऐकून घेतलं. साहेबांकडे जाऊन भांडले. गळती शोधायला तीन दिवस रस्ता खणला, स्वतः फावडं घेऊन खड्ड्यात उतरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पाइप कोरडा ठणठणीत, गळती कुठंच नाही.

वस्तीतले लोक कुजबुजायला लागले की काका आपल्या गल्लीचं बघतात. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. वस्तीच्या नळापाशी जाऊन, मला हातात धरून ते म्हणाले, "देवाची शपथ, सातावर आठवा आटा मी कुणाला दिलेला नाही."

मावशी रिकामी बादली घेऊन उभी होती. "काका, शपथेनं बादली भरत नाही."

मी त्यांच्या हातात होते. खोटी शपथ खरेपणानं घेतली जात होती आणि मला साधं खण्ण करून पडताही आलं नाही.

त्यानंतर मावशी बाजारातल्या नळावरून पाणी आणायला लागली. चढ, पायऱ्या, दोन बादल्या. एक दिवस पायऱ्यांवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. काका दवाखान्यात फळं घेऊन गेले, तिच्या लेकाला धीर दिला, परत येताना रस्ताभर देवाला विचारत राहिले की वस्तीवर असा कोप का. त्यांच्या खांद्यावर मी होते.

असे आठ महिने गेले. मग काकांच्या उजव्या मनगटाला सूज आली. हाताला पट्टी, पण रजा घ्यायची नाही. लेक तेव्हा मोठी झालेली, नोकरीला लागलेली. ती म्हणाली, बाबा, तुम्ही म्हणा, मी फिरवते. वरच्या गल्लीच्या झाकणापाशी दोघं उभी राहिली. काकांनी पहिल्यांदाच प्रार्थना मोठ्यानं म्हटली. लेकीनं ओळीला एक फेरा दिला. शेवटची ओळ ऐकून तिचे डोळे भरले, फेरा पुरा झाला आणि ती तशीच थांबली.

"बाबा, आठ झाले."

"सातच असतात."

"मी फिरवलेत, बाबा. आठ."

काकांनी पुन्हा एकेक ओळ म्हणत डाव्या हाताची बोटं मिटली. मग पट्टीतली तीन मिटली. डावीची पाच, उजवीची तीन. खड्ड्याच्या कडेला मटकन बसले. तिथूनच लेकीला म्हणाले, एक मागे घे. मी उलटी फिरले. उताराच्या टोकाला त्या दिवशी पाणी आवाज करत आलं म्हणे.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकूंना दम लागला होता, तरी उठून बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही मागितलंत देवाकडे आणि आणलंत वस्तीच्या नळातून. आता त्या सवतीपाशी माझं नाव घ्यायचं नाही. घरी बसून मागा काय ते."

दुसऱ्या दिवशी काका शेवटच्या वस्तीत गेले. साहेबांनी समजावलं होतं की जाऊ नका, लोकांना काय कळणार, आता नळ सुरळीत झालाय ना. पण ते गेले. मावशीच्या खाटेशी उभं राहून, ओळ न ओळ सांगून, चूक कबूल केली. बाहेर माणसं जमली होती, दोघे तिघे हमरीतुमरीवर आले. मावशीनं हातानंच त्यांना गप्प केलं.

"आठ महिने तुम्हाला शिव्या घातल्या. वाया नाही गेल्या म्हणायच्या." मग तिनं विचारलं, "बायको कशी आहे आता?"

मावशी पुन्हा धड चालली नाही. पुढची चार वर्षं, तिचे डोळे मिटेपर्यंत, तिच्या दारातलं पिंप काकांनी भरलं. आणि रोज तीन व्हॉल्व्ह सोडून झाले की आधी शेवटच्या वस्तीत जायचे. तिथली पहिली बादली डोळ्यांदेखत भरली की मग घरी चहा.

आता मोजायचे आकड्यांनी. एक, दोन, तीन. रुक्ष, कोरडे आकडे. काकू आणखी दीड वर्ष होत्या. त्या गेल्या त्या दिवशीही गावाला पाणी सुटलं, तासाभराच्या उशिरानं, सात सात आटे.

काही दिवसांनी लेकीनं त्यांना विचारलं, बाबा, घरी बसून आईसाठी मागत होता ना? काका दाराआड माझ्याकडे बघत म्हणाले, "बसायचो रोज. शब्दच यायचे नाहीत. हाताला काही फिरवायला नसलं की माझं तोंड उघडत नाही." त्या दीड वर्षात माझा दांडा त्यांच्या हातात रोज होता, आणि शब्द मात्र त्यांनी ओठांत दाबून धरले होते. हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, लोहारानं मला घडवलीच नसती तर बरं झालं असतं.

काका जाऊन आता सहा वर्षं झाली. व्हॉल्व्हना मोटारी बसल्यात, बटण दाबलं की उघडतात. मी कचेरीत असते, दार वाऱ्यानं लागू नये म्हणून त्याला टेकवलेली. पावसाळ्यात कारकून माझ्या दांड्याला ओली छत्री अडकवतो. मानाचीच जागा म्हणायची.

परवा शेवटच्या वस्तीतली एक बाई आली. कडेवर मूल, हातात रिकामा डबा. पाणी येत नाही म्हणाली. कारकुनानं संगणकाच्या पडद्यावर बघितलं आणि सांगितलं, बाई, सगळं बरोबर दिसतंय. तो खोटं बोलत नव्हता. भला माणूस आहे, वेळेवर येतो, कुणाला टाकून बोलत नाही.

बाबा रे, तुझं यंत्र खरं असेल, तूही खरा असशील. पण एकदा खुर्चीतून ऊठ, उतार उतरून जा, आणि त्या नळाखाली तिचा डबा धरून बघ. मला पाय असते तर मीच गेले असते.

बाई निघाली. कडेवर मूल, हातात डबा, दार ढकलायला तिला हात मोकळा नव्हता. दार मी उघडं धरलं होतं. माझ्याच्यानं तेवढंच झालं.