स्वस्तातली दुर्बीण

तूराचा कुत्रा तुस्से गेला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि वर्षभर ती हेनिंगशी अगदी नीट वागत होती. तो दुकानात आला की काय हवंय म्हणून विचारायची, शिकारमंडळाच्या बैठकीत त्याच्या कपात कॉफी ओतायची, दालचिनीचे पाव त्याच्या पुढ्यात सरकवायची. ब्येर्कहुल्ट गावच्या लोकांना वाटलं, बाई समजूतदार आहे, झालं गेलं विसरली. लोकांना काय, काहीही वाटतं. तूरा तिळभरसुद्धा विसरली नव्हती.

दिवसा ती शेतीमालाच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरवर बसायची. पण गावात तिची खरी ओळख होती ती माग काढणारी म्हणून. कुणाच्या गोळीने जनावर जखमी होऊन पळालं की फोन तूराला यायचा, आणि ती कुत्र्याला घेऊन निघायची. जखमी जनावर जंगलात तसंच सोडून घरी जाऊन झोपणारा माणूस स्वीडनच्या या स्मोलंड भागात कुणाच्या अंगणात उभा राहू शकत नाही. आणि गोळी कुठे बसली हे मारणाऱ्याने खरं सांगायचं असतं. कुत्रा दोरीवर ठेवायचा की मोकळा सोडायचा, हे माग काढणारा त्या एका शब्दावर ठरवतो.

गेल्या शरदात हेनिंगने एका दांडग्या नर रानडुकरावर गोळी झाडली. "छातीत बसलीय. तिथेच फर झाडांच्या गर्दीत मरून पडला असेल," तो म्हणाला. म्हणून तूराने तुस्सेला मोकळं सोडलं. डुक्कर मेलेलं नव्हतं. त्याचा फक्त पुढचा पाय मोडला होता, बाकी ते पुरतं शाबूत होतं आणि पिसाळलेलं होतं. पोटरीएवढ्या उंचीचा तो केसाळ कुत्रा त्याच्यापुढे किती टिकणार? तूरा त्याला आपल्या जाकिटात गुंडाळून परत निघाली, तेव्हा डुकराला गोळी लागली होती त्या जागी तिला शेवाळाखालून डोकावणारा हाडाचा पांढरा तुकडा दिसला. पायाचं हाड. वरचं शेवाळ बुटाच्या टाचेने दाबून बसवलेलं होतं.

म्हणजे त्याने ते पाहिलं होतं. नेम चुकला हे मंडळाच्या म्होरक्यासमोर, आल्गोतसमोर, कबूल करावं लागू नये म्हणून त्याने ते झाकलं होतं.

तूराने हे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आल्गोतने त्याला चार शब्द सुनावले असते, हेनिंगने मान खाली घातली असती, आणि सगळं एका कॉफीवर मिटलं असतं. तिला ते मिटवायचं नव्हतं. तिला त्याच्या वर्मी घाव घालायचा होता, आणि हेनिंगचं वर्म अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्याचा बाप आल्गोतच्या आधीचा म्होरक्या. मंडळातली जागा हीच या माणसाची सगळी इस्टेट.

ऑगस्टच्या शेवटी तो आपण होऊन दुकानात आला.

"तूरा, रात्रीची दुर्बीण हवीय. डुकरांनी ओटच्या शेताची पार वाट लावलीय. पण स्वस्तातली दाखव हं. बायको म्हणते, बंदुकीवर आणखी एक क्रोनर घातलास तर जंगलातच राहायला जा."

"ती कधीची वाट बघतेय, तू जातोस कधी म्हणून."

हेनिंग हसला. तूराही हसली आणि तिने तीन यंत्रं काउंटरवर मांडली.

पहिलं हातात धरून बघायचं. अंगाच्या उष्णतेवर चालणारं. जनावर कुठे आहे ते त्यात लांबूनही कळतं. दुसरं त्याच्या जुन्या दुर्बिणीच्या मागे बसवायचं. त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा दिवा लागतो आणि ते फार लांबचं दाखवत नाही, पण जे दाखवतं ते खरं दाखवतं: पाय, केस, गवत आणि गवतात हलणारं जे काही असेल ते. दुसरा कुणी गिऱ्हाईक असता तर तूराने सांगितलं असतं, हातात धरायचं वापरलेलं घे, आत एक पडलंय, आणि पैसे या दुसऱ्यावर घाल. पहिल्याने शोध, दुसऱ्याने ओळख पटव, मगच चापाला बोट लाव.

तिसरं थेट बंदुकीवर बसणारं, तेही उष्णतेवरचं आणि त्या जातीतलं सगळ्यात स्वस्त. त्यात सगळं जादूसारखं उजळून दिसायचं, पण ठोकळ. पिकाच्या ताटांच्या आड असलेलं त्याच्या लेखी नसतंच. तूराने तेच त्याच्या हातात दिलं आणि त्याला मागच्या दारात नेलं. मालट्रकच्या सावलीत दुकानाचं मांजर पसरलं होतं, मोकळ्या डांबरावर.

"अरे वा. दिवा लावल्यासारखं दिसतंय की," हेनिंग म्हणाला. बराच वेळ तो त्या मांजराकडे बघत राहिला. मग त्याने दुर्बीण खाली घेतली. "पण यात पिल्लं दिसतील ना?"

त्याने विचारलं, हे तूराने पुढे कधी नाकारलं नाही. सोबत पिल्लं असलेली डुकरीण मारायची नसते. कायदा आहेच, पण कायद्याला कोण एवढं भितं. मंडळाचा रिवाज त्याहून कडक. जो मारेल त्याने ती डुकरीण सोलायच्या पडवीत सगळ्यांसमोर टांगायची, दुधाने भरलेले तिचे सड सगळ्यांनी बघायचे, आणि त्याने आपली बंदूक आल्गोतच्या टेबलावर ठेवायची. परत कधी मिळेल ते आल्गोत ठरवणार. काहींना ती कधीच मिळाली नव्हती.

"दिसतील की," तूरा म्हणाली. "मोकळ्यावर आली की सगळं दिसतं."

यात खोटं काही नव्हतं. फक्त ओटचं शेत मोकळं नव्हतं. खोटं ती त्यानंतर बोलली.

"तुझ्या शेतात तर एकटा नर येतोय. माग बघितलाय मी."

"एकटाच?"

"एकटाच."

माग तिने खरंच पाहिला होता. ओढ्याकाठच्या चिखलात खुरांचे रुंद ठसे होते, आणि त्यांच्या आजूबाजूला इवले इवले, घेवड्याच्या बियांसारखे, कितीतरी.

हेनिंगने पैसे दिले, वर तिचे आभारही मानले. त्यानंतर तूरा रोज फोन उशाशी घेऊन झोपायला लागली. तशी ती आधीही झोपायची, पण आता फोनच्या आशेवर झोपायची.

फोन आला तो आल्गोतचा, भल्या सकाळी.

"कुत्री घेऊन ये. हेनिंगने पिल्लांची आई मारली."

तूराला आनंद झाला. उगाच सोवळेपणा कशाला, चांगला पोटभर आनंद झाला. तिने धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले, आणि फियाला, तुस्सेच्या जागी आणलेल्या कोवळ्या कुत्रीला, गाडीत घालून निघाली. वाटेत ती गुणगुणतसुद्धा होती.

ओटच्या कडेला डुकरीण आडवी पडली होती. सडांवर अजून दूध होतं. आल्गोत काठीवर रेलून उभा होता आणि हेनिंग त्याच्यापासून लांब, एकटा, रात्रभर तिथेच थांबल्यासारखा.

"पहाटे गोळी झाडल्या झाडल्या त्यानेच फोन केला," आल्गोत म्हणाला. "जवळ गेला तेव्हा पिल्लं ओरडत पांगली. आता आत कुठेतरी दडलीत. कोल्ह्याने धरायच्या आत तू बघ. अजून दुधावरची आहेत, जगायची नाहीत."

या वेळी त्याने काहीच झाकलं नव्हतं, आणि तूराला त्याचाच राग आला. झाकलं असतंस तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

आणि पिल्लांचं काम आपल्याच अंगावर येणार, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गावात माग काढणारी दुसरी होतीच कोण? ज्या ज्या वेळी तो विचार डोकं वर काढायचा, त्या त्या वेळी ती हेनिंगचा पडलेला चेहरा डोळ्यांपुढे आणायची.

फिया पहिल्यांदाच खऱ्या मागावर होती आणि हुशारीने काम करत होती. पिल्लं आईने शिकवल्याप्रमाणे जमिनीला चिकटून बसली होती, अंगावरचे पट्टे ताटांच्या सावलीत मिसळून गेलेले. ओरडत नव्हती, पळत नव्हती. फिया नाकाने दाखवायची, तूरा छोट्या बंदुकीने काम संपवायची आणि पुढे सरकायची. शेवटचं मात्र आपण होऊन उठलं. ते धडपडत फियाजवळ आलं आणि तिच्या पोटाखाली तोंड घालून दूध शोधायला लागलं. फिया हलली नाही. तिने तूराकडे बघितलं.

तूराने तेही संपवलं. मग तिने सगळी पिल्लं क्रेटमध्ये भरली.

सोलायच्या पडवीत मंडळातले सगळे जमले होते. डुकरीण आकड्याला टांगलेली होती. तूराने आणलेला क्रेट रिकामा करून पिल्लं तिच्याखाली ओळीने ठेवली. हेनिंग पुढे आला आणि त्याने बंदूक टेबलावर ठेवली. वर्षभर हेच बघायचं म्हणून तूरा जगली होती, आणि आता तिला दिसत होती ती फक्त पिल्लांची ओळ.

आल्गोतने बंदुकीवरची दुर्बीण काढून डोळ्याला लावली, पडवीबाहेर बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"ओटच्या शेतात हे? हे भिकार यंत्र तुझ्या गळ्यात मारलं कुणी?"

हेनिंगने एकदाच तूराकडे पाहिलं. "कुणी नाही. मीच स्वस्तातलं शोधत होतो."

संपलं असतं तिथेच. पण तूराच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस तिला सांभाळून घेत होता. तिने एवढं सगळं केलं ते याने मोठ्या मनाने पोटात घालावं म्हणून? सूड कुणी घेतला आणि कशासाठी, हे ज्याच्यावर घेतला त्याला कळलंच नाही, तर तो कसला सूड?

"मी दिलं," ती म्हणाली. "शेतात पिल्लांची आई येतेय हे मला माहीत होतं. त्याला मी एकटा नर आहे म्हणून सांगितलं. मुद्दाम."

कुणाचा तरी कप बशीवर वाजला. आल्गोत तिच्याकडे ओळख नसल्यासारखा बघायला लागला.

"तू ते हाड शेवाळाखाली दाबलंस," तूरा हेनिंगला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "पाय मोडलाय हे माहीत असून मला छाती सांगितलीस. माझा तुस्से मेला."

"दाबलं," हेनिंग म्हणाला. "मला लाज वाटली. त्यानंतर रोज तुझ्या दुकानाकडे बघून वाटायचं, आत जाऊन सांगावं. नाही जमलं."

तो खाली वाकला आणि ओळीतल्या शेवटच्या पिल्लाचा वाकडा पडलेला पाय त्याने सरळ केला.

"पण तुस्से एकच होता, तूरा."

आल्गोतने टेबलावरची बंदूक थोडी बाजूला सरकवली आणि शेजारी जागा केली. तूराने खांद्यावरची माग काढायची लांब दोरी उतरवली, नीट गुंडाळली आणि तिथे ठेवली.