न कळता उलटलेलं पान

मित्रांनो, मला कुणी टेबल म्हणतं, कुणी स्टूल. मी दोन्ही नाही. मी उतरत्या माथ्याचं, उभं राहून वाचायचं एक जुनं मेज आहे. लिथुआनियातल्या एका ज्यू पाठशाळेसाठी सुतारानं मला बर्चच्या लाकडातून घडवलं. तिथं कुणी मनातल्या मनात शिकत नसे. दोघांनी समोरासमोर येऊन धर्मशास्त्राचं पान मोठ्यानं वाचायचं आणि त्यावर कडाडून भांडायचं, ही तिथली रीत. किती कोपरांनी माझी कड झिजवली, त्याला गणती नाही.

माझ्यावर सगळ्यात जास्त काळ झुंडल टेकला. पोरगा तल्लख, पण भारी उतावळा. त्याचा जोडीदार केपल मात्र दहादा विचारणारा.

"कळलं का?" केपल विचारी.

"कळलं रे बाबा! उलट पान."

"मग मला समजाव ना."

"तुझ्या डोक्यात शिरेपर्यंत माझी दाढी पिकेल!"

केपल हसून पान उलटी. एकोणिसावं पान असंच उलटलं गेलं. मला फार वाईट वाटलं, पण मेजाला कोण विचारतो?

वल्हांडण या ज्यू सणाच्या आदल्या दिवशी घरोघरच्या थोरल्या मुलानं उपास करायचा असतो. मात्र त्या दिवशी कुणी ग्रंथाचा एखादा भाग शिकून पुरा केला, तर त्याच्या आनंदाच्या जेवणाला जमलेल्यांचा उपास सुटतो. त्या वर्षी झुंडलनं ते काम अंगावर घेतलं. गावातले असे थोरले मुलगे, लहानमोठे सगळे, सकाळीच जमले. आमचा म्हातारा रखवालदार झेलिग, तोही घरातला थोरला, काठी टेकत आला. नुकताच आजारातून उठला होता, तरी ग्रंथ पुरा होण्याआधी उपास मोडणाऱ्यांतला तो नव्हता. केक मांडला गेला. आता झुंडलनं शेवटच्या चार ओळी वाचल्या की झालं! पण त्यानं ग्रंथच मिटला.

"रेबे," तो गुरुजींना म्हणाला, "मला हे पुरं करता येणार नाही. एकोणिसावं पान मी शिकलोच नाही. नुसतं उलटलं."

सगळ्यांचे चेहरे पडले.

"आत्ता आठवलं होय रे, शहाण्या?" कुणीतरी खेकसलं.

"भूक मला लागलीय, तुम्ही कशाला ओरडताय?" झेलिग म्हणाला. "पोरा, काढ ते पान. आम्हीही ऐकतो."

झुंडल वाचू लागला आणि केपल त्याला ओळीओळीला अडवू लागला. या वेळी झुंडलनं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शोधलं. पान उलगडायला दुपार झाली. सकाळ सरली की त्या दिवशी फुगवलेल्या पिठाचं काही खायचं नसतं, केकही वर्ज्य, म्हणून शेवटच्या ओळी झाल्यावर झेलिगच्या हाती उकडलेला बटाटा आला. तो सोलता सोलता झेलिग हळूच म्हणाला, "साठ वर्षं मीही हे पान कळल्याचं सोंग करत होतो, पोरा."

मित्रांनो, आता मी अडगळीत आहे. माझा एक पाय डुगडुगतो. कुणी खिळा ठोकला तर बरं वाटेल, नाही ठोकला तरी तक्रार नाही. पण न कळलेलं पान उलटू नका. उलटलंच असेल, तर लोक जेवायला बसलेले असले तरी सांगून टाका.