नऊ गाठींची दोरी

"त्याला सांग, गेल्या खेपेला पोर खरूज घेऊन आली होती. या वेळी मी नीट बघून घेणार हाय."

मालन हे भाट्याच्या खाडीच्या तरीवर धाकूला सांगत होती. हरिश्चंद्र चार हातांवर होडीतच बसला होता आणि त्याला सगळे ऐकू गेले होते. तरी धाकूने ते पुन्हा सांगितले, कारण काडीमोड झालेल्या या दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचे नाही असे पंचांनीच ठरवून दिले होते.

"ती बोलते, नीट बघून घेणार."

"सांग तिला, घे म्हणावं."

धाकू तारी माणूस. लोकांना पार करणे त्याचे काम. या दोघांची भांडणे इकडून तिकडे नेणे त्याच्या माथी फुकटचे आले होते.

सन तीसच्या शिमग्यात पंच बसले. हरिश्चंद्र गलबतावरचा खलाशी, पावसाळ्यात तेवढा घरी. म्हणून पावसाळ्यात त्यांच्या लेकीने, कमळीने, पूर्णगडला बापाकडे राहायचे, एरवी मालगुंडला आईकडे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की दुसऱ्या दिवशी तरीवर पोर परत; आज तोच दिवस होता. जो दगा करील त्याचा पोरीवरचा हक्क संपला. मालन दोन वर्षे त्या दग्याचीच वाट पाहत होती.

वाटेत मावशीकडे मुक्काम करून मायलेकी दुसऱ्या दिवशी मालगुंडला पोचल्या. वाटभर मालनने पोरीचे केस हुंगले, नखे पाहिली, आजी काय बोलते, बाबा काय बोलतो, सगळे उकरून काढले. सात वर्षांची पोर धड उत्तर देईना. तिचा एक हात सारखा कमरेशी होता.

न्हाणीत परकर सोडताना कमळी मागे सरली, तेव्हा मालनने तो ओढलाच. कमरेला एक काळी दोरी होती. मालन काथ्याचे सुंभ वळून पोट भरणारी, दोरी तिला हाताला कळे. ही डांबर लावलेली होती आणि तिच्यावर नऊ गाठी होत्या.

"कोणी बांधलान हे?"

फारच दरडावले तेव्हा कमळी म्हणाली, "आजीनं सांगितलान, तुज्या आवशीला दाखवू नको."

आणखी काय पाहिजे होते? काळी दोरी, नऊ गाठी आणि वर लपवाछपवी! तिची जुनी सासू गंगुबाई करणी करून पोरीला आपल्याकडे वळवत होती. मालनने कोयतीने दोरीचे तीन तुकडे केले आणि केळीच्या पानात बांधले. कमळीने हंबरडा फोडला, पण तिकडे लक्ष कोण देतो!

"पंचांसमोर टाक ही पुरचुंडी," मालनची आई सगुणा चुलीपाशी बसून म्हणाली. "पोर जल्माची तुजी झाली बघ."

खरे सांगायचे तर मालनला आनंदच झाला होता.

दुपारी कमळी जेवायला उठेना. मालन शेजारी जाऊन बसली, तेव्हा भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "आता बाबा कधी येणार ते मला कसं कळणार?"

"म्हणजे काय गो?"

"दर पुनवेला एक गाठ सोडायची. नववी सुटली का गलबतं परत येतात. बाबांनी वळून दिलान. आजी बोलली, आवस बघील तर तोडून टाकील."

मालनने बोटांवर मोजले. भादव्यापासून वैशाखापर्यंत नऊ पुनवा. लग्नानंतर पहिल्यांदा गलबतावर जाताना हरिश्चंद्र तिला कधी येणार एवढेदेखील सांगून गेला नव्हता.

सगुणा हळूच म्हणाली, "पंचांना काय ठावं? काळी दोरी ती काळी दोरी. गंगूनं शपथ घेतली तरी कोण खरी मानतो?"

तेही खरेच होते. मालनने पुरचुंडी हातात घेतली. पोर कायमची आपली व्हायला आता ती पंचांसमोर टाकून फक्त गप्प राहायचे होते. मग ती उठली आणि पुरचुंडी चुलीत सारली. डांबराचा धूर घरभर झाला.

"येडी झालीस काय गो?" सगुणा ओरडली.

मालनने मूठभर काथ्या घेतला, तळहातांवर बारीक सुंभ वळले आणि त्याला एकामागून एक गाठी मारल्या. हात कामाचा, प्रत्येक गाठ दगडासारखी बसली. कमळी डोळे पुसत जवळ आली. तिने गाठी मोजल्या आणि शेवटच्या गाठीला नख लावून पाहिले.

"ही मला सुटायची नाय. बाबांनी शेवटची सैल मारलेली."

मालनने नववी गाठ दातांनी सोडवली आणि पुन्हा मारली.

"अजून सैल," कमळी म्हणाली.

मालनने ती अजून सैल केली.