नव्वद मिलिलिटर

पूर्णिमा गावडे अर्ज द्यायला गेल्या तेव्हा टेबलामागच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "मुलीचा अर्ज हाय का, काकू?"

"न्हाय. माझाच हाय."

पोरानं मान वर केली. कोल्हापुरात महिला कुस्तीची आशियाई स्पर्धा भरणार होती आणि स्वयंसेवक हवेत अशी जाहिरात पेपरात आली होती. रांगेत सगळी कॉलेजची पोरं. त्यात साठी ओलांडायला आलेल्या, सुती साडीतल्या या बाई. पण अर्जात 'आरोग्यसेविका, बत्तीस वर्षं, चंदगड तालुका' असं वाचल्यावर त्यानं तो कागद बाजूला काढून ठेवला.

बत्तीस वर्षं पूर्णिमाबाईंनी चंदगडच्या डोंगरवाड्यांतून बाळंतपणं केली. पावसात एसटी बंद पडली की ओढ्यातून चालत गेल्या. वडील लवकर वारले, भावाचं शिक्षण, मग आईचं अंथरूण, या सगळ्यात स्वतःच्या लग्नाचं वय कधी उलटून गेलं ते त्यांनाही कळलं नाही. रिटायर झाल्यावर भाऊ म्हणाला, "तिथं एकटी कशाला राहतीस? कोल्हापुरात आमच्या बिल्डिंगीत खालचा फ्लॅट विकायला निघालाय." त्यांनी फंडाच्या पैशातून तो घेतला. वर्ष झालं नाही तोवर पुतण्याला, राजवर्धनला, पुण्यात नोकरी लागली, त्याला मूल झालं आणि ते सांभाळायला भाऊ-भावजय पुण्याला गेली. वरच्या फ्लॅटची किल्ली आता यांच्याकडं असते. आठवड्यातून दोनदा वर जाऊन त्या तुळशीला पाणी घालतात आणि पंखा लावून थोडा वेळ बसून येतात. कधीकधी दोन-दोन दिवस दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलणं होत नाही, आणि दूधवालाही घाईत असतो.

प्रशिक्षणात त्यांना शॅपरोनचं काम दिलं. स्वप्नाली शिरोळे नावाच्या डॉक्टर उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीवर प्रमुख होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, "कुस्ती संपली की ठरलेल्या खेळाडूला गाठायचं, कागदावर सही घ्यायची, आणि चाचणीच्या खोलीत नमुना देईपर्यंत तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. शॅपरोन म्हणजे सोबत करणारी. तिला आपण काहीही खायला-प्यायला द्यायचं नाही. सीलबंद बाटली ती स्वतः उचलेल. तुमच्या हातचा प्रसादसुद्धा नाही."

पोरी हसल्या. पूर्णिमाबाईंनी वहीत लिहून घेतलं.

पहिले दोन दिवस त्यांच्या वाट्याला कुणी आलंच नाही. निळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि चाचणीच्या खोलीबाहेरची प्लास्टिकची खुर्ची. आतून हलगीचा कडकडाट यायचा, लोकांचा कल्ला यायचा. बाकीच्या पोरी एकमेकींचे फोटो काढायच्या, मग कुणीतरी म्हणायचं, "काकू, आमचा सगळ्यांचा एक काढा की." त्या काढून द्यायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला चिठ्ठी आली. त्रेपन्न किलो, किर्गिझस्तान, नाव ऐझादा. कांस्यपदकाची कुस्ती चालू होती. पूर्णिमाबाई मॅटच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. पोरगी दोन गुणांनी पुढं होती. शेवटचे अकरा सेकंद उरले असताना समोरचीनं तिचा पट काढला, पाय ओढून तिला उलथवली, आणि हलगी थांबायच्या आत सगळं संपलं.

ऐझादा मॅटवरून उतरली ती सरळ त्यांच्याच दिशेनं. तोंडाला हात लावलेला, डोळे भरलेले. तिच्यासमोर जाऊन कागद धरायचा होता. पूर्णिमाबाईंनी आयुष्यात किती वाईट बातम्या दारोदार नेल्या होत्या, पण हा कागद पुढं करणं त्यांना जड गेलं. त्यांनी पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं. पोरीनं कागदाकडं बघितलं, सही केली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. तिचा प्रशिक्षक आला, रशियनमधे काहीतरी ओरडला आणि दुसऱ्या मॅटकडं पळाला. त्याची आणखी एक पोरगी तिथं लढत होती.

पूर्णिमाबाई तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

अर्ध्या तासानं त्या तिला चाचणीच्या खोलीत घेऊन गेल्या. पण लघवीच होईना. वजन बसवायला पोरीनं दोन दिवस पाणी तोडलं होतं, अंगातलं होतं नव्हतं ते घामावाटे गेलं होतं. डॉक्टर स्वप्नाली आत घेऊन गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. पहिल्या वेळेला काही नाही. तासाभरानं चाळीस मिलिलिटर. लागतात नव्वद.

"पाणीही फार पिऊन चालत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नमुना पातळ झाला तर पुन्हा पहिल्यापासून. थांबायचं, दुसरं काय."

दुभाषी म्हणून आफशीन नावाची मुलगी दोन मिनिटं येऊन गेली. मूळची कागलची, किर्गिझस्तानात बिश्केकला डॉक्टरकी शिकून आलेली. तिनं ऐझादाशी बोलून सांगितलं, "घरी फोन करू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाली. आईनं अख्खा गाव टीव्हीसमोर बसवला होता म्हणं. आता काय तोंडानं बोलू म्हणाली." तेवढ्यात आफशीनला दुसरीकडून हाक आली आणि ती गेली.

मग खोलीत दोघीच उरल्या, आणि कोपऱ्यात कागद भरणाऱ्या डॉक्टर. ऐझादा जमिनीकडं बघत होती. पूर्णिमाबाईंना वाटलं, काहीतरी बोलावं. भाषा येत नव्हती, म्हणून त्या मराठीतच बोलल्या. हळू आवाजात, जशा अडलेल्या बाईशी बोलायच्या तशा. हेऱ्याजवळच्या वाडीतल्या एका बाईची गोष्ट सांगितली, जी चौदा तास अडली होती आणि भाताचं पेव भरायचं राहिलं म्हणून नवऱ्याला शिव्या घालत होती. मग आईच्या आजारपणाचं सांगितलं. मग वरच्या फ्लॅटमधल्या पंख्याचं. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पोरीला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती ऐकत होती. मधेच ती बोलायला लागली, तिच्या भाषेत, भरभर, नाक ओढत. पूर्णिमाबाई मान हलवत राहिल्या. "व्हय," म्हणाल्या. "व्हय बाळा. असतंय तसं."

बोलता बोलता ऐझादा झोपली. डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. ओल्या केसांना घामाचा आणि मलमाचा वास होता. एवढ्या जवळ, एवढा वेळ कुणी टेकून बसल्याला किती वर्षं झाली याचा हिशेब पूर्णिमाबाईंना लागेना. हाताला मुंग्या आल्या, तहान लागली, त्यांना स्वतःलाही बाथरूमला जायचं होतं. डॉक्टरांनी खुणेनं विचारलं, बदली पाठवू का? त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

पावणेसहाला पोरगी दचकून उठली, ओटीपोटावर हात ठेवून खूण केली आणि हसली. पहिल्यांदाच हसली. या वेळी भरलं. नव्वदच्या वर. बाटल्या सील झाल्या, सह्या झाल्या. दारात संघाचा माणूस उभा होता. ऐझादानं पूर्णिमाबाईंना घट्ट मिठी मारली, काहीतरी म्हणाली आणि गेली.

त्या रात्री त्यांना लवकर झोप लागली नाही. सकाळी उठून त्यांनी चंदगडहून आलेल्या काजूतले मूठभर वेचून स्वच्छ पिशवीत बांधले. ठेवणीतली हिरवी साडी नेसल्या, अंबाडा घातला आणि रिक्षा करून खेळाडूंच्या हॉटेलवर गेल्या. किर्गिझस्तानचा संघ आठला पुण्याच्या विमानतळाकडं निघणार, हे त्यांनी आदल्या दिवशीच फळ्यावर वाचलं होतं.

गेटवरच्या वॉचमननं अडवलं. "काय हाय पिशवीत, मावशी?"

"काजू हायत."

"खायाचं काय द्यायचं न्हाय खेळाडूंना. सक्त हुकूम हाय."

"ठावं हाय मला," पूर्णिमाबाई म्हणाल्या. खरंच ठाऊक होतं, वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं. तरी त्या आल्या होत्या. "निस्तं बघून जाते."

पोरी बाहेर आल्या, बॅगा ओढत. ऐझादा मधोमध होती. केस धुतलेले, डोळे सुजलेले, पण शेजारणीच्या फोनमधे बघून हसत होती. बसच्या पायरीवर चढताना तिनं गेटकडं बघितलं. नजर वॉचमनवरून, रिक्षावरून, हिरव्या साडीतल्या बाईवरून फिरली आणि पुढं गेली. निळा टी-शर्ट असता तर कदाचित थांबली असती. पूर्णिमाबाईंच्या ओठांवर हाक आली होती. पण काय म्हणून हाक मारायची? त्यांनी हात अर्धा वर केला, तेवढ्यात बसचं दार लागलं.

"तुमची वळखीची हाय व्हय कोण?" वॉचमननं विचारलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "काल आमच्याकडं होती."

पिशवी त्याच्याच हातात देऊन त्या स्टेडियमवर गेल्या. बायकांच्या खोलीत साडी बदलून टी-शर्ट घातला. डॉक्टर स्वप्नाली चहाचा कप घेऊन आल्या. "काल फारच ताणलं हो तुम्हाला. घरी वाट बघत असतील सगळे."

पूर्णिमाबाईंना नेहमीसारखं "हो ना" म्हणून वेळ मारून नेता आली असती.

"घरी कोण नसतं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मी एकटीच असते."

   डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मग पंख्याचं ते खरं होतं तर. मी कागद भरत होते, पण ऐकत होते."

पूर्णिमाबाई लाजल्या. चहा गोडमिट्ट होता. बाहेर हलगी सुरू झाली, आणि बासष्ट किलोची चिठ्ठी घेऊन एक पोरगी धावत आली. त्या कप खाली ठेवून मॅटच्या कडेला निघाल्या.