हात लागेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुने सॉफ्टवेअर आहे. जगातले कोणतेही काम कोणावाचून अडू नये, या उदात्त हेतूने माझा जन्म झाला. तो सोलापुरात, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, वीज सारखी जात असल्यामुळे अडत अडत झाला. माझे वय तीन वर्षे आहे. आमच्यात याला म्हातारपण म्हणतात.

मला घडवले अक्षता आणि विरेश या बहीणभावांनी. बांधकामावर कोणते काम कोणाकडे आहे, कोणते यंत्र कुठे आहे आणि कोण रिकामा बसला आहे, हे सांगणे माझे कर्तव्य. सुरुवातीला माझ्यात एक खोट होती. एकाने काम दुसऱ्याच्या नावावर ढकलले की ते लगेच सरकायचे. दुसऱ्याला पत्ताच नसायचा, आणि काम मधल्यामध्ये पडायचे. सरकारी कचेरीसाठी मी तेव्हाच तयार होते.

त्यांचे वडील सिद्धप्पा दुपारी डबा घेऊन यायचे. जानेवारीतल्या गड्डा यात्रेत उंच, जड नंदीध्वज पेलण्यात त्यांची बरीच वर्षे गेली होती. माझी रड त्यांनी ऐकली आणि म्हणाले, “ध्वज आसा देत न्हाईत. फुडच्याचा हात घट्ट बसला की मगच आपला काढायचा. मधी कुणीच न्हाय, आसं व्हायाच नको.”

अक्षताने तोच नियम माझ्यात घातला. पुढचा माणूस ‘घेतलं’ हे बटण दाबेपर्यंत काम आधीच्याच्याच नावावर राहणार. या एका बटणावर माझे नाव झाले. मोहोळच्या एका ठेकेदाराने मला घेतले, त्याचे बघून इतरांनी. एका सभेत माझा सत्कारही झाला. शाल लॅपटॉपला पांघरली. लॅपटॉप तापून बंद पडला.

विरेश मात्र ‘घेतलं’ दाबायला फार वेळ लावी. शेजारच्याच खुर्चीवरून अक्षताला त्याला हाका माराव्या लागत.

मग विरेशला पुण्यात नोकरी लागली. आपली सगळी कामे त्याने अक्षताच्या नावावर टाकली आणि तो गेला. अक्षताने बटण दाबले नाही. त्यामुळे विरेश माझ्यात राहिला. ग्राहकांच्या तक्रारी नियमाप्रमाणे त्याच्याकडे जात, आणि तो पुण्यात भलत्याच लोकांच्या तक्रारी सोडवत बसलेला असे. शेवटी त्याचा फोन आला.

“अक्का, तेवढं दाब की.”

“दाबलं की तुझं नाव जातंय,” अक्षता म्हणाली. “तू ये, मग दाबते.”

रोज सकाळी ती मला उघडी, त्याच्या नावाकडे बघे आणि बंद करी. मित्रांनो, मी अगदी बिनचूक चालत होते. ग्राहक एकेक करून गेले.

जानेवारी आला. सिद्धप्पांच्या खांद्याने आता नकार दिला होता. त्यांच्या जागी विरेश ध्वज घेणार होता. त्याला सुट्टी मिळाली नाही. ध्वज दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलाने घेतला, आणि सिद्धप्पा टोपी सारखी करत बघत राहिले.

यात्रा संपल्यावर ते डबा घेऊन आले. कडक भाकरी मोडता मोडता त्यांनी माझ्या पडद्यावर मुलाचे नाव वाचले. मग हळूच म्हणाले, “घे बाई. त्यानं हात कवाच काढलाय. आता ध्वज पडला तर तुझ्यावरच पडतोय.”

अक्षताने एकेक काम घेतले. दर वेळी एका ओळीतून विरेश पुसला जाई. शेवटच्या ओळीपाशी ती बराच वेळ थांबली, मग तिथेही ‘घेतलं’ दाबले. भाकरी तशीच राहिली.

तर मित्रांनो, जायचे असेल तर खुशाल जा. पण पुढच्याचा हात लागेपर्यंत थांबा. आणि थांबणे जमणार नसेल, तर निदान तसे सांगून जा. मागे राहिलेली माणसे फार काळ वर बघत उभी राहतात.

पुढे मला बंद करायचे ठरले. सर्व्हरचे खाते विरेशच्या नावावर होते, म्हणून ते काम अक्षताने त्याच्याकडे पाठवले.

त्याने लगेच ‘घेतलं’ दाबले.